कॅन्सरवर प्रोजेक्ट करायचाय, पण लॅबमध्ये काहीच नाही!

पत्र : सर, मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. यंदा आम्हाला रिसर्च प्रोजेक्ट आहे. तिघींचा ग्रुप आहे. माझी आत्या गेल्या वर्षी कॅन्सरने गेली, म्हणून मला औषधी वनस्पतींच्या अर्काचा कॅन्सरवर होणारा परिणाम हा विषय घ्यायचा आहे. मॅडम म्हणतात, ‘आपल्याकडे जमेल असं काहीतरी घ्या.’ पण आमच्या लॅबमध्ये ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र), दोन मायक्रोस्कोप आणि कधी चालणारा, कधी न चालणारा इन्क्युबेटर एवढंच आहे. मैत्रीण म्हणते, कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे तयार प्रोजेक्ट मिळतो, नाव बदलून बाइंडिंग करून देतो, गेल्या वर्षीच्या मुलींनी तेच केलं. वडील म्हणतात, पुण्यात खासगी लॅबमध्ये पैसे भरून टेस्ट करून आण. आमची साडेतीन एकर शेती आहे, ऊस आणि थोडा हरभरा. तो खर्च मला नको वाटतो. आणि एवढं करून रिझल्ट आलाच नाही तर? एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) नापास करतील का? मला पुढे एम.एस्सी. करायचं आहे. काय करू?

उत्तर :

आत्याबद्दल वाचून वाईट वाटलं. ज्या आजाराने घरातलं माणूस नेलं त्याच्याविरुद्ध आपण काहीतरी करावं, ही इच्छा खरी आहे आणि ती जपून ठेव. पण ती या चार महिन्यांच्या प्रोजेक्टवर लादू नकोस. वनस्पतीच्या अर्काने कॅन्सरच्या पेशी मरतात का, हे बघायला आधी त्या पेशी जिवंत ठेवता आल्या पाहिजेत. त्यासाठी सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशी, लागते, ३७ अंश तापमान आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड राखणारा इन्क्युबेटर लागतो, बायोसेफ्टी कॅबिनेट लागतं आणि हे सगळं रोज हाताळणारं माणूस लागतं. शिवाय ताटलीतल्या पेशी मारणं अवघड नसतं. अर्क ज्यात विरघळवतो तो अल्कोहोल किंवा डीएमएसओ थोडा जास्त पडला तरी त्या मरतात. निरोगी पेशींना धक्का न लावता कॅन्सरच्याच पेशी मारायच्या आणि तेही माणसाच्या शरीरात, इथे खरी कसोटी असते. ते काम पुढे करायचं असेल तर त्याची तयारी आत्ताच सुरू होईल, पण वेगळ्या वाटेने.

पुण्याच्या लॅबचं म्हणशील, तर वडिलांचा हेतू चांगला आहे. पण तिथून तुझ्या हातात येईल तो रिपोर्ट. नमुना दुसऱ्याने तयार केला, मशीन दुसऱ्याने चालवलं, आलेख दुसऱ्याने काढला. एक्स्टर्नलने ‘हे शिखर इथेच का आलं?’ असं विचारलं, तर तू काय सांगणार? तयार प्रोजेक्टबद्दल मी जास्त लिहीत नाही, तुलाही तो नकोच आहे. हवा असता तर पत्र लिहिलं नसतंस. फक्त एक सांगतो. तीन वर्षांत तुम्ही जेवढी प्रॅक्टिकल्स केलीत, त्या सगळ्यांचं उत्तर आधीच ठाऊक होतं. उत्तर कुणालाच ठाऊक नाही असं काहीतरी करायची ही पहिली संधी आहे, आणि ती झेरॉक्सच्या दुकानात देऊन टाकण्याएवढी स्वस्त नाही.

आता तुझ्याच पत्रातल्या एका ओळीकडे येतो. ऊस आणि थोडा हरभरा. लॅबमध्ये काही नाही असं तू लिहिलंस, पण घरी साडेतीन एकरांची प्रयोगशाळा आहे आणि आत्ता रब्बीची पेरणी चालू आहे.

हरभऱ्याच्या मुळांवर गाठी येतात, त्यात रायझोबियम गटातले जिवाणू राहून हवेतला नत्र झाडाला देतात, हे तू पाठ केलं आहेस. शेतकरी पेरणीआधी बियाण्याला या जिवाणूंच्या संवर्धकाची, म्हणजे जिवंत जिवाणू मिसळलेल्या भुकटीची, पाकिटं चोळतात. साधारण १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम, गुळाच्या पाण्यात कालवून, मग बी सावलीत सुकवून लगेच पेरायचं. तुझे वडीलही कदाचित करत असतील, कदाचित ‘काही फरक पडत नाही’ म्हणून सोडलंही असेल. तुझा प्रश्न इथेच आहे. तुमच्या रानात त्या पाकिटाने खरोखर फरक पडतो का?

हा प्रश्न साधा वाटेल, पण त्यात एक खोच आहे. ज्या रानात दरवर्षी हरभरा होतो, तिथल्या मातीत हरभऱ्याचे जिवाणू आधीपासून असतात. तिथे वरून आणखी टाकले तर बऱ्याचदा गाठी वाढत नाहीत, कारण जुने रहिवासी नव्यांना जागा देत नाहीत. उलट ज्या रानात वर्षानुवर्षं फक्त ऊस होता, तिथे हे जिवाणू फार कमी असण्याची शक्यता आहे. हरभऱ्याला त्याचा ठरावीक जिवाणूच लागतो, भुईमुगाचा किंवा चवळीचा चालत नाही. म्हणून पाकिटावर पिकाचं नाव छापलेलं असतं. तुमच्याकडे दोन्ही प्रकारची रानं आहेत. तेव्हा प्रश्न असा मांड : पाकिटाचा परिणाम हरभऱ्याच्या रानातल्या मातीत आणि उसाच्या रानातल्या मातीत वेगवेगळा दिसतो का? याचं उत्तर तुमच्या गावच्या मातीपुरतं आज कुणाकडेच नाही. तुमच्या मॅडमकडे नाही, माझ्याकडेही नाही.

आणि हे छोटं काम आहे असं मनात आणू नकोस. गाठींमुळे कडधान्यांना हवेतला नत्र मिळतो हे हेलरीगेल आणि विलफार्थ या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी १८८६ ते १८८८ या काळात दाखवलं, ते वाळूच्या कुंड्यांत वाटाणा आणि ओट लावून. निर्जंतुक वाळूत थोडं मातीचं पाणी घातलं की वाटाण्याला गाठी येत आणि तो तरारे, नाही घातलं तर पिवळा पडे. ओटला दोन्हीकडे सारखंच. १८८८ मध्येच हॉलंडच्या बायरिंकने गाठींतून जिवाणू वेगळे काढले. कुंडी, वाळू आणि नीट बेतलेली तुलना एवढ्यावर शेतीशास्त्रातला एक मोठा प्रश्न सुटला.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते सांगतो, कारण ‘कंट्रोल (तुलनेसाठीचा नमुना) ठेवा’ हे सगळे सांगतात आणि कुठला ठेवायचा ते कुणी सांगत नाही.

दोन्ही रानांतून वरची वीतभर माती आण. प्रत्येक माती ताडपत्रीवर वेगवेगळी पसरून ढेकळं फोड, चाळ आणि पुन्हा पुन्हा वरखाली कर. एका पिशवीत बांधाकडची आणि दुसरीत विहिरीकडची माती गेली, तर नंतर दिसलेला फरक कशाचा, हे कळणार नाही. रोपवाटिकेतल्या काळ्या पिशव्या घे, खाली भोकं पाड. बियाणं एकाच वाणाचं आणि एकाच पिशवीतलं घे. दिग्विजय घे नाहीतर विजय, पण मिसळू नकोस. दुकानातून घेतलेल्या बियाण्याला बुरशीनाशक लावलेलं असेल तर ते घेऊ नकोस, घरचं बी बरं.

बियाण्याचे तीन भाग कर. पहिला भाग फक्त गुळाच्या पाण्यात घोळवायचा. दुसऱ्याला गुळाच्या पाण्यात संवर्धक कालवून चोळायचं. तिसऱ्या भागालाही तेच संवर्धक, पण आधी ऑटोक्लेव्हमध्ये मारलेलं. १२१ अंशांवर तासभर, लागोपाठ दोन दिवस, कारण भुकटीत उष्णता आतपर्यंत जायला वेळ लागतो. हा तिसरा भाग या प्रोजेक्टचा जीव आहे. पाकिटात जिवाणूंशिवाय लिग्नाइटसारखी भुकटीही असते. फरक दिसला तर तो जिवंत जिवाणूंचा की भुकटीचा, हे सांगायला मेलेलं संवर्धक लागतं. आणि तुमच्या कॉलेजात ऑटोक्लेव्ह चालतो, असं तूच लिहिलं आहेस! ते खरोखर मेलं का, हे बघायला चिमूटभर भुकटी प्लेटवर टाकून ठेव. काही उगवलं नाही तर त्या प्लेटचा फोटो रिपोर्टमध्ये लाव.

दोन माती, तीन प्रकारचं बी आणि प्रत्येकी पाच पिशव्या, म्हणजे तीस पिशव्या. प्रत्येकीत पाच दाणे टोक आणि उगवल्यावर तीन रोपं ठेवून बाकीची काढ. इथे एक गोष्ट नीट समजून घे, कारण पदव्युत्तर मुलंही इथे घसरतात. एका पिशवीतली तीन रोपं म्हणजे तीन नमुने नव्हेत. त्यांची माती एक, पाणी एक, ऊन एक. एकाच पातेल्यातली आमटी तीन वाट्यांत वाढून चाखली म्हणजे तीन आमट्यांची चव कळली असं होत नाही. नमुना म्हणजे पिशवी. तिन्ही रोपांची सरासरी काढायची आणि तो एक आकडा धरायचा. म्हणजे प्रत्येक प्रकाराचे तुझ्याकडे पाचच आकडे असतील. जागा आणि हात पुरत असतील तर पाचाऐवजी आठ पिशव्या कर, पण तीनवर येऊ नकोस.

पेरताना क्रम महत्त्वाचा आहे. आधी साधं बी, मग मेलेल्या संवर्धकाचं आणि सगळ्यात शेवटी जिवंत संवर्धकाचं. हाताला चिकटलेले जिवाणू साध्या बियाण्याच्या पिशवीत गेले तर प्रयोग तिथेच संपला. त्याच कारणाने पिशव्या एकमेकींना खेटून ठेवू नका आणि पाणी हळू घाला, उडवू नका. पिशव्यांची जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा. जिवंत संवर्धकाच्या सगळ्या पिशव्या उन्हाच्या बाजूला आणि साध्या भिंतीच्या सावलीत, असं नकळत होतं. युरिया नको, डीएपी नको. मातीत नत्र भरपूर झाला की झाड गाठी करायचं टाळतं. तुझ्या वडिलांनी उसाच्या रानात नुकतंच खत टाकलं असेल तर माती आणण्याआधी त्यांना विचार, आणि ते वहीत लिही.

संवर्धकाचं पाकीट राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडून किंवा जवळच्या कृषी सेवा केंद्रातून मिळेल. मुदतीची तारीख बघून घे आणि घरी आणताना गाडीच्या टाकीवर उन्हात ठेवू नकोस. तू मायक्रोबायोलॉजीची आहेस, तर आणखी एक कर. खत नियंत्रण आदेश, १९८५ प्रमाणे भुकटीच्या रायझोबियम संवर्धकात दर ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत जिवाणू असायला हवेत. डायल्यूशन करून, म्हणजे टप्प्याटप्प्याने पातळ करून, काँगो रेड हा रंग घातलेल्या यीस्ट मॅनिटॉल अगरवर (जिवाणू वाढवायच्या माध्यमावर) प्लेट लाव आणि मोज. रायझोबियमच्या वसाहती त्यावर पांढुरक्या राहतात, लाल रंग फारसा ओढून घेत नाहीत. त्यांना २८ अंशांच्या आसपासचं तापमान पुरतं. तो नखरेल इन्क्युबेटर बंद पडला तरी थंडीत खोलीतल्या उबदार कपाटात काम भागेल, फक्त रोज दोनदा थर्मामीटर बघून नोंद कर. पाकिटात जिवाणूच कमी निघाले, तर पुढे गाठी का वाढल्या नाहीत याचं उत्तर तुला आधीच मिळालेलं असेल.

साधारण चाळीस ते पंचेचाळीस दिवसांनी, फुलं लागायच्या सुमाराला, गाठी बघायच्या. रोप उपटायचं नाही. आपली काळी माती गाठी धरून ठेवते आणि तू हातात घेशील ती नुसती मूळं. पिशवी बादलीत बुडवून अर्धा तास ठेव, मग पिशवी ब्लेडने कापून माती पाण्यातच हळूहळू विरघळू दे. खाली चाळणी धर, म्हणजे सुटलेल्या गाठी वाहून जाणार नाहीत. मग पांढऱ्या ताटात मूळ पसरून मोज. मोजून झाल्यावर काही गाठी ब्लेडने मधोमध काप. आत गुलाबी-लालसर दिसलं तर ते लेगहिमोग्लोबिन हे लाल प्रथिन, म्हणजे गाठ कामावर आहे. पांढरी असेल तर अजून कामाला लागलेली नाही किंवा कधी लागणारच नाही. हिरवट-तपकिरी असेल तर म्हातारी झाली. नुसती संख्या फसवते. शंभर पांढऱ्या गाठींपेक्षा वीस लाल गाठी झाडाला जास्त देतात. म्हणून प्रत्येक पिशवीतून ठरलेल्या संख्येने गाठी कापायच्या, त्यातल्या गुलाबी किती ते लिहायचं, आणि सगळ्या गाठी व रोपं वाळवून वजन करायचं. मोजणाऱ्या मुलीला पिशवी कुठल्या प्रकारची आहे हे माहीत नसावं. पिशव्यांना नुसते आकडे दे आणि त्यांचा अर्थ लिहिलेला कागद तिसरीकडे ठेव. तुम्ही तिघी आहात, त्याचा इथे खरा उपयोग.

तिघींचा विषय निघाला म्हणून सांगतो. ग्रुपमध्ये एक राबते आणि दोघी सही करतात, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. पाण्याच्या पाळ्या आत्ताच लिहून काढा आणि जिने पाणी घातलं तिने वहीत स्वतःच्या हाताने लिहायचं. वही म्हणजे पानांवर क्रमांक असलेली, पेनाने लिहिलेली. चुकलं तर एक रेघ मारून बाजूला बरोबर लिहायचं, खोडरबर नाही, पान फाडणं नाही. कुत्र्याने दोन पिशव्या पाडल्या, मंगळवारी पाणी राहिलं, हेही त्यात. हे लिहिलेलं असलं की एक्स्टर्नलला प्रोजेक्ट खरा असल्याची खात्री आपोआप पटते. बाइंडिंग केलेल्या देखण्या रिपोर्टने ती पटत नाही.

आता तुझी भीती. रिझल्ट आलाच नाही तर? या प्रयोगात ‘रिझल्ट आला नाही’ असं काही होऊ शकत नाही, म्हणूनच मी तो सुचवतो आहे. उसाच्या मातीत गाठी वाढल्या आणि हरभऱ्याच्या मातीत नाही, तर तुमचा अंदाज बरोबर ठरला. दोन्हीकडे वाढल्या, तर पाकीट दोन्ही रानांत उपयोगी. कुठेच नाही वाढल्या, तर दोन्ही मातींत जिवाणू आधीच होते, की पाकिटातलेच मेलेले होते? ते तुझ्या प्लेटा आणि साध्या बियाण्याच्या पिशव्या सांगतील. साध्या बियाण्यालाही भरपूर गाठी असतील तर मातीत जिवाणू आहेत. यातलं कुठलंही उत्तर तुझ्या वडिलांच्या उपयोगाचं आहे. एक्स्टर्नल आकड्यांवरून नापास करत नाहीत. आकडा कसा आला हे सांगता आलं नाही तर मात्र त्यांचा चेहरा बदलतो. म्हणून एकही आकडा ‘नीट’ करायचा नाही. एका पिशवीत बाकीच्यांपेक्षा तिप्पट गाठी निघाल्या तर ती तशीच ठेवायची, आणि आलेखात नुसत्या सरासरीचे खांब न काढता प्रत्येक पिशवीचा ठिपका दाखवायचा. आकडेमोडीसाठी स्टॅटिस्टिक्सच्या सरांना पेरणीआधी भेट. दोन माती आणि तीन प्रकारचं बी म्हटल्यावर ते टू-वे अ‍ॅनोव्हा (दोन घटकांमुळे सरासरींत पडणारा फरक तपासायची पद्धत) करायला सांगतील, आणि पिशव्या पुरेशा आहेत का तेही सांगतील. पेरणीनंतर भेटलीस तर ते फक्त हळहळू शकतील.

वाचनासाठी शोधगंगेवर भारतातल्या विद्यापीठांचे प्रबंध मोफत आहेत. हरभरा आणि रायझोबियमवर पुष्कळ काम सापडेल. दोन-तीन प्रबंधांची फक्त पद्धत वाच. एआयला विचारून संदर्भ घेतलेस तर प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून बघ, कारण तो अस्तित्वात नसलेले पेपर लेखकांच्या नावांसकट देतो. आणि जे वाचलं नाहीस ते संदर्भात टाकू नकोस.

एम.एस्सी.चं विचारलं होतंस. मुलाखतीत प्रोजेक्टचं नाव ऐकून कुणी भारावून जात नाही. ‘मेलेलं संवर्धक का वापरलं?’ या प्रश्नाला जी मुलगी पटकन आणि शांतपणे उत्तर देते, तिच्याकडे मात्र मान वर करून बघतात. कॅन्सरचं काम करणाऱ्या प्रयोगशाळेतही नेमकं हेच लागतं, म्हणजे औषधाशिवाय बाकी सगळं सारखं असलेला कंट्रोल, पुरेसे खरे नमुने आणि मोजणाऱ्याला माहीत नसलेली खूण. हे हरभऱ्यावर शिकलीस की पेशींवर करायला नवं फार थोडं उरतं. पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. एम.एस्सी.ला गेल्यावर तिथे किंवा तशा ठिकाणी सुट्टीतल्या प्रशिक्षणासाठी अर्ज कर, आणि अर्जात आत्याचा उल्लेख न करता या तीस पिशव्यांबद्दल लिही.

मॅडमना भेटायला जाताना हे उत्तर जसंच्या तसं नेऊ नकोस. एका पानावर प्रश्न, दोन माती, तीन प्रकारचं बी, काय मोजणार आणि कधी, एवढंच स्वतःच्या शब्दांत लिहून ने. त्यांच्याकडे चार ग्रुप असतील. एक पान वाचायला त्यांना वेळ मिळेल, तासाभराच्या चर्चेला मिळणार नाही. दर आठवड्याला असंच एक पान टेबलावर ठेवत जा. त्या काही बदल सुचवतील, कदाचित पिशव्या कमी करा म्हणतील किंवा सोयाबीनची माती घ्या म्हणतील. माझ्यापेक्षा त्यांना तुमची लॅब जास्त ठाऊक आहे, तेव्हा त्यांचं ऐक. फक्त मेलेल्या संवर्धकाच्या पिशव्या कमी करू देऊ नकोस. आणि जे बदल व्हायचे ते या आठवड्यातच होऊ देत, हरभऱ्याची पेरणी नोव्हेंबरच्या पुढे रेंगाळली तर गाठी मोजायला तुमच्या परीक्षेच्या तोंडावर बसावं लागेल.